कुरकुर

राधानगरीहून दाजीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री गाडीला दिवे नुसते असून भागत नाही, लांब पडणारे लागतात. १९५८ साली जाहीर झालेलं हे गव्यांचं अभयारण्य. गवा अंगानं काळाभोर, अंधारात पार मिसळून जाणारा. दिसलेच तर गुडघ्याखालचे पांढरे पाय तेवढे दिसतात, तेही जवळ गेल्यावर. असं जनावर रस्त्याच्या मधोमध उभं असताना ते पन्नास फुटांवर दिसलं की दीडशे फुटांवर, यावर बरंच काही ठरतं. म्हणून त्या बाजूच्या जीपवाल्यांच्या बंपरवर जादा दिव्यांची जोडी असतेच. हौसेनं लावणारेही आहेत. ते पुढे येतील.

गुरांच्या डॉक्टरांना मात्र हौस नव्हती. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी धनगरवाड्यांवरचे फोन काही थांबले नव्हते. म्हैस अडते ती घड्याळ बघून अडत नाही. डॉक्टरांकडे जुनी डिझेल एमएम ५४० जीप होती, आणि ती चालवायला सर्जेराव होता. सर्जेराव तिशीतला, बोलायला कमी. गिअर टाकताना मात्र गाडीशी पुटपुटायचा.

दिवाळीत डॉक्टरांनी जीप रंगवून घेतली. पत्र्याचं काम केलं, पुढची जाळी आणि बंपर उतरवून त्यांना पावडर कोटिंग केलं. जीप अशी काही देखणी झाली की बाजारात लोक थांबून बघायला लागले. पण त्यानंतर बंपरवरचे दिवे जरा पिवळट वाटायला लागले. आधी उजेड पांढरा पडायचा, आता रॉकेलच्या बत्तीवर आल्यागत वाटे. डॉक्टरांनी पंचावन्न वॅटचे बल्ब काढून शंभर वॅटचे घातले. उजेड थोडा वाढला. समाधान झालं.

जानेवारीत पहिला रिले गेला.

रिले म्हणजे काय, ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल. शंभर वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर ओढतात. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या चिमुकल्या बटणातून नेला तर बटण वितळतं. म्हणून बटण फक्त रिलेच्या कॉइलला करंट देतं, तोही अँपिअरचा पाचवा-सहावा हिस्सा. कॉइलचं लोहचुंबक होतं, ते एक पट्टी ओढतं, पट्टीच्या टोकाचे पॉइंट एकमेकांना टेकतात आणि बॅटरीतून जाड वायरनं आलेला करंट थेट दिव्यांकडे जातो. काडेपेटीच्या अर्ध्याएवढा काळा डबा. खाली पाय, पायांजवळ आकडे: तीसवर बॅटरी, सत्याऐंशीवर दिवे, शहाऐंशीवर बटण, पंच्याऐंशीवर अर्थ. दुकानात दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. फार दिवस टिकणारी वस्तू; कित्येक गाड्यांत रिले मालकापेक्षा जास्त जगतो.

डॉक्टरांच्या जीपमध्ये तो महिनाभर जगे.

पहिल्या वेळी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वेळी कोल्हापुरातल्या वायरमननं रिले हातात घेऊन नाक मुरडलं. "डुप्लिकेट माल हाय डॉक्टर, ओरिजनल टाका." ओरिजनल टाकला. तो फेब्रुवारी संपेपर्यंत टिकला. मग रविवारी चिखलात जीप घालणाऱ्या पोरांच्या टोळक्यातला एक जण म्हणाला, खड्ड्यांच्या दणक्यानं आतली पट्टी हलते, रिले रबरात बांधा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून रिले लोंबता ठेवला. दुसऱ्यानं सांगितलं, पाणी जातंय. पाय वर करून बसवलेला रिले म्हणजे पाण्याची वाटी, पाय खाली करा. तेही केलं. तिसऱ्यानं सांगितलं, इंजिनच्या आचेपासून लांब न्या. नेला.

यातला एकही सल्ला खोटा नव्हता, आणि डॉक्टरांची पंचाईत झाली ती त्यामुळेच. रिले दणक्यानं जातात, पाण्यानं जातात, आचेनं जातात, नकली असले तर लवकर जातात. खोटा सल्ला असता तर एकदा करून फसला असता आणि विषय संपला असता. खरा सल्ला, पण दुसऱ्या आजाराचा, असला की माणूस तो अपुरा पडला असं समजतो आणि आणखी जोरात अमलात आणतो.

या सगळ्यात सर्जेरावानं एकदाच तोंड उघडलं होतं. "डॉक्टर, लाईट लावल्या लावल्या कुरकुर असा बारीक आवाज येतुया. मग टक्क करून बसतंय."

"जुनी गाडी आहे. शंभर आवाज येतात," डॉक्टर म्हणाले. "तू आधी तो दिवा सारखा चालू-बंद करायचं सोड. वळणावर लावतोस, समोरून गाडी आली की विझवतोस. रिले जाईल नाहीतर काय होईल?"

समोरून गाडी आली की जादा दिवे विझवायचे हा नियम सर्जेरावानं काही स्वतः काढलेला नव्हता. पण तो बोलला नाही. त्या महिन्यापासून जळालेल्या रिलेचे दोनशे रुपये त्याच्या पगारातून कापायला सुरुवात झाली, आणि आधी गेलेल्यांचेही मागाहून कापले गेले. डॉक्टर कंजूष नव्हते. त्यांच्या मते शिस्तीचा प्रश्न होता.

जुलैत, राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडायच्या बेताला असताना, ओलवणच्या वरच्या अंगाला एका वाडीवरून फोन आला. पहिलटकर म्हैस, दोन तासांपासून पाय बाहेर. रात्री अकराला निघाले. फेजिवडे मागे पडलं, झाडी दाट झाली. सर्जेरावानं दिवे लावले, आवाज झाला, उजेड पडला, आणि दुसऱ्याच वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. गाडीच्या मूळ दिव्यांच्या उजेडात चार पांढरे पाय दिसले ते थेट बॉनेटपुढे. सर्जेरावानं ब्रेक दाबला, जीप तिरकी होऊन चरात उतरली. गवा काही क्षण उभा राहिला आणि चालता झाला. तो आपला निवांत होता.

जीप चरातून काढायला तासाहून जास्त वेळ गेला. वाडीवर पोचले तेव्हा म्हैस वाचण्यासारखी होती आणि वाचली. रेडकू मेलेलं होतं. म्हशीची मालकीण काहीच बोलली नाही, तिनं चहा केला. त्या चहानं डॉक्टरांचं डोकं फिरलं. सकाळी घरी पोचल्यावर त्यांनी सर्जेरावाचा हिशोब केला, सहाव्या रिलेचे दोनशे वजा करून, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

नवा पोरगा आला. दिव्याला हात लावायचा नाही, मी सांगेन तेव्हाच, अशी त्याला तंबी होती. या वेळी डॉक्टरांनी तीस अँपिअरच्या जागी सत्तर अँपिअरचा दांडगा रिले आणून बसवला. तीन आठवडे बरे गेले. मग इंजिनच्या खोक्यात जळका वास आला. बघितलं तर फ्यूजचा होल्डर वितळून घट्ट झालेला, कारण रिलेबरोबर कुणीतरी फ्यूजही दांडगा घातला होता. आता वायरमन म्हणाला, "रिलेचा दोष न्हाई. तुमचा अल्टरनेटर जास्त चार्जिंग देतोय. शिवाजी उद्यमनगरात वायंडिंगच्या मावशींकडं दाखवा."

उद्यमनगरातल्या त्या गल्लीत लेथचा आवाज आणि व्हार्निशचा वास एकमेकांत गुंतलेला असतो. मावशींचं दुकान दोन शटरमधल्या बोळाएवढं. नवरा स्टार्टर-अल्टरनेटर भरायचा, तो गेल्यावर मावशींनी भरायला घेतले. आता पासष्टी ओलांडली होती. भिंतीला एनॅमल तारेची रिळं, कोपऱ्यात बांबूच्या पट्ट्या. मोटारच्या खाचेत तार भरली की वरून ती पट्टी ठोकायची, म्हणजे तार उसळत नाही. पॉलिटेक्निकला जाणारी नात बाकावर वही घेऊन बसलेली.

मावशींनी जीप चालू करायला सांगितली, मीटरच्या दोन काड्या बॅटरीला टेकवल्या. "चौदा पॉइंट एक. ह्याला काय धाड झालेली न्हाई." मीटर बंद केला. "अल्टरनेटर काढू नका. पैसं बी न्हाईत."

डॉक्टर चिडलेच. पैसे न घेणाऱ्या माणसावर चिडणं अवघड असतं, तरी चिडले. "मग रिले जातात कशानं?"

"मला काय म्हाईत? मेल्याली रिले कुठं हाईत?"

"टाकून दिले."

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "डॉक्टर, म्हस मेली तर तुम्ही चिरून बघता न्हवं? का नवी म्हस बांधून मोकळं हुता?"

नवा पोरगा मागं उभा होता. तो म्हणाला, सीटखाली कॅल्शियमच्या बाटल्यांच्या खोक्यात कसले काळे डबे आहेत, मी हात लावला नाही. खोकं आणलं. आत सहा रिले होते. सर्जेरावानंच ठेवले असणार. पैसे त्याचे गेले होते, तर माल त्यानं जपला.

प्रत्येक रिलेवर डॉक्टरांच्याच पेटीतल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता, आणि त्यावर बॉलपेननं बारीक अक्षर.

मावशींनी पहिला रिले शेगड्यात धरला आणि हॅक्सॉच्या पात्यानं कडेकडेनं टोपण कापलं. टोपण निघालं तसा जळक्या धुराचा जुना वास सुटला. कॉइलची तार तांबूस, चकचकीत, जशी कारखान्यातून निघाली तशीच. "कॉइल निरोगी. म्हंजे जादा व्होल्ट न्हाई." पायांजवळ हिरवट काही नाही. "पाणी न्हाई." मग पट्टीच्या टोकाकडे सुई नेली. दोन पॉइंट, मुगाच्या डाळीएवढे. एकावर खड्डा पडला होता, काठ वितळून वर आलेले. दुसऱ्यावर बरोबर त्या खड्ड्यात बसेल असा टेंगूळ. एकाचा धातू वितळून दुसऱ्यावर जाऊन बसला होता. टोपणाच्या आत त्याच जागी काजळीचा डाग.

"हे एकदा जळून हुत न्हाई," मावशी म्हणाल्या. "हजारदा ठिणगी पडली तर असं हुतंय. दिवा एकदा लावला, ठिणगी एकदाच पडाय पायजे. हज्जार कशा पडल्या?"

दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा उघडला आणि मावशींनी तो बाजूला ठेवला. त्यात पॉइंट गुळगुळीत होते आणि कॉइलचे पाय हिरवेगार, एक टोक तुटलेलं. "ह्यो येगळा हाय. ह्याचं काय ते नंतर." पाचवा, सहावा पुन्हा पहिल्यासारखे.

नात तोवर चिकटपट्ट्या वाचत होती. "आज्जी, ऐक. 'फेजिवडे. रस्ता कोरडा. लावताना कुरकुर. २००.' दुसऱ्यावर 'ओलवण. पाऊस. कुरकुर. २००.' ह्यावर 'दारात उभी. इंजिन बंद. कोरडं. कुरकुर जास्त. २००.' चौथ्यावर नुसतं २००." तिनं वर बघितलं. "शंभर-शंभरचे दोन बल्ब, म्हणजे दोनशे वॅट लिहिलंय त्यानं. भारी आहे की हा माणूस."

डॉक्टरांनी रिले हातात घेतला. चिकटपट्टीवरचा आकडा बघितला.

"वॅट नाहीत," ते म्हणाले. "रुपये आहेत."

नातीला काही कळलं नाही. मावशींना कळलं असावं, पण त्या तिसऱ्या रिलेकडेच बघत होत्या. "दारात उभी. दणका न्हाई, पाऊस न्हाई, इंजिन बंद म्हंजे आच न्हाई. आन कुरकुर जास्त. इंजिन बंद असंल तर बॅटरीचा व्होल्ट कमी, म्हणून जास्त. एवढं लिवलंय त्यानं. तुम्ही वाचलं न्हाईसा?"

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही.

मावशींनी बॉनेट उघडायला लावलं. रिलेवर बोट ठेवलं. "लाव रे लाईट." बोटाखाली रिले थरथरला, मग टक्क करून बसला. त्यांनी डॉक्टरांचं बोट धरून तिथं ठेवलं. "आता परत." जनावराच्या पोटावर हात ठेवून आतडं चालतंय की नाही हे ओळखणारा तो हात. त्या हाताला थरथर लगेच कळली.

"बॅटरीकडनं दिव्याकडं करंट जातोय ती वायर समदी बघत्यात," मावशी म्हणाल्या. "जाड हाय का, बारीक हाय, जळलीय का. परत कुठनं येतोय ते कोण बघतंय?"

त्यांनी मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी बंपरच्या त्या बोल्टला, जिथं दिव्यांची अर्थची वायर आवळलेली होती. दिवे बंद असताना शून्य. दिवे लावले. मीटरवर जवळजवळ तीन. जिथं दशांशाच्या पुढं काही दिसायला नको, तिथं तीन व्होल्ट. आणि त्याच बोल्टखाली रिलेच्या कॉइलची अर्थची वायरही आवळलेली होती. मावशींनी बोल्टला बोट लावून झटकन मागं घेतलं. तीन व्होल्ट आणि पंधरा अँपिअर, म्हणजे पंचेचाळीस वॅट त्या एका बोल्टमध्ये तापत होते.

बोल्ट खोलला. वॉशरखाली सुंदर, गुळगुळीत, काळं पावडर कोटिंग. आटे तेवढे कुठंकुठं लोखंडाला टेकत होते, त्या चार-दोन ठिकाणांवरून सगळा करंट परत यायचा. जाळी आणि बंपर रंगवून आणल्यावर कामगारानं वायर होती तिथं परत लावली होती. दिसायला चोख काम होतं.

नातीला एवढ्यानं पटेना. तीन व्होल्ट खाल्ले गेले तरी कॉइलला दहा-अकरा मिळतातच, तेवढ्यावर रिले ओढून धरतो, मग थरथर का? तिनं शंभर वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स वहीत काढला: बाराचा वर्ग भागिले शंभर, एक पॉइंट चव्वेचाळीस ओम. मग सुटा बल्ब मीटरला लावला. मीटरनं एक दशांश ओम दाखवला.

"मीटर बिघडलाय, आज्जी."

"मीटर न्हाई. बल्ब गार हाय."

मग वहीतच उलगडत गेलं. फिलामेंट गार असताना त्याचा रेझिस्टन्स तापल्यावरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणून लावल्या क्षणी बल्ब कितीतरी पट करंट ओढतो. एरवी तो क्षण असा जातो की कळतही नाही. इथं तो सगळा लोंढा रंगावरच्या त्या बोल्टपाशी तुंबतो. बोल्टवर तीन नाही, आठ-नऊ व्होल्ट चढतात. त्याच बोल्टवर कॉइलचाही अर्थ असल्यामुळे कॉइलच्या वाट्याला उरतात तीन-चार. तेवढ्यावर पट्टी धरवत नाही. पॉइंट सुटतात, ठिणगी पडते. पॉइंट सुटल्यामुळे दिवे विझतात, बोल्टवरचा व्होल्ट उतरतो, कॉइलला पुन्हा बारा मिळतात, पट्टी पुन्हा ओढली जाते, बल्ब अजून गारच, पुन्हा लोंढा. असं डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं चालतं, तोवर फिलामेंट थोडं थोडं तापत येतं आणि एकदाची पट्टी टिकते. हीच ती कुरकुर. दर वेळी दिवा लावला की पॉइंटवर ठिणग्यांचा पाऊस.

आणि दिवे पिवळट पडले तेही याच बोल्टमुळे. बल्बला दोन व्होल्ट कमी मिळाले तर उजेड जवळपास निम्म्यावर येतो. डॉक्टरांनी उजेड कमी पडला म्हणून मोठे बल्ब घातले, त्यांनी लोंढा वाढवला. रिले जळाला म्हणून मोठा रिले घातला, तर जळण पुढच्या फ्यूजकडे सरकलं. दर उपायानं दुखणं एक पाऊल पुढं ढकललं आणि दर वेळी पुढच्या पायरीवर जो उभा होता त्याला धरलं गेलं. हे शेवटचं वाक्य माझं आहे. मावशी असलं काही बोलल्या नाहीत, त्यांना दुसरा अल्टरनेटर भरायचा होता.

त्यांनी फक्त एक जाड वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या ब्रॅकेटला हातानंच दाबून धरलं. "लाव." टक्क. एकदाच. समोरच्या शटरवर लख्ख पांढरा उजेड पडला आणि पलीकडचा लेथवाला हात डोळ्यावर धरून ओरडला.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. दिव्यांना बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड अर्थ. कॉइलचा अर्थ वेगळ्या बोल्टवर. दोन्हीकडे रंग खरवडून लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून व्हॅसलीन फासलं म्हणजे गंज धरत नाही. शंभरचे बल्ब काढून पंचावन्नचे परत. वायरच्या मापाचा फ्यूज, बॅटरीच्या जवळ. सत्तरचा रिले काढून साधा तीसचा. मावशींनी वायर, दोन लग आणि मजुरी मिळून जे सांगितलं ते एका रिलेच्या किमतीहून फार जास्त नव्हतं. डॉक्टरांनी पाचशेची नोट पुढं केली, मावशींनी मोजून उरलेले परत दिले.

"खोकं न्हेता का ठेवू?"

डॉक्टरांनी खोकं उचललं.

सर्जेराव आता दूध संकलनाच्या पिकअपवर होता. संध्याकाळी फेजिवड्याच्या फाट्यावर कॅन चढवताना सापडला. डॉक्टरांना बघून त्यानं कॅन खाली ठेवला, नमस्कार केला आणि परत कॅन उचलला. डॉक्टर थोडा वेळ उभे राहिले. आयुष्यभर शेतकऱ्यांना समोरासमोर वाईट बातम्या सांगितलेला माणूस; इथं त्यांना सुरुवात सापडेना.

"अर्थ खराब होता," शेवटी ते म्हणाले. "बंपरच्या रंगामुळं. कुरकुर त्याचीच होती."

"असंल," सर्जेराव म्हणाला.

"तू सांगितलं होतंस."

"व्हय."

डॉक्टरांनी बाराशे रुपये काढून त्याच्या हातात ठेवले. सहा दोनशे. वर त्या रात्रीनंतर सकाळी दिलेला हिशोब चुकीचा होता, पुढल्या महिन्यापासून परत ये, पगार वाढवून देतो, असंही म्हणाले. सर्जेरावानं पैसे मोजले. दूधगाडीच्या मालकाकडून दिवाळीपर्यंतची उचल घेतलीय, ती फिटेपर्यंत जमायचं नाही म्हणाला. दिवाळीनंतर बघू म्हणाला. येतो म्हणाला नाही.

मग त्यानं डॉक्टरांच्या काखेतलं खोकं बघितलं, कॅन ठेवून ते घेतलं आणि आत चाळून चौथा रिले बाहेर काढला. टोपण कापलेला, पाय हिरवे झालेला. तो त्यानं उलटसुलट करून बघितला आणि बाराशेतले दोनशे डॉक्टरांच्या खिशात परत घातले.

"ह्यो माझ्या हातनं गेल्याला. गाडी धुताना प्रेशरचा पाईप मारला हुता ह्याच्यावर. म्हणून ह्याच्यावर दोनशेबिगर काय लिवलं न्हाई."

मागून पिकअपचा मालक हॉर्न वाजवत होता. अजून तीन वाड्यांचं दूध गोळा करायचं बाकी होतं.